कुंकू संपलं म्हण

रशियात शिकते असं सांगितलं की दोहातल्या मराठी माणसाच्या तोंडून पुढचा शब्द ठरलेला असतो: एमबीबीएस. नाही म्हटलं, रशियन भाषा आणि संस्कृती शिकते, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग बाबांकडे, आणि घरात काही वाईट झालंय पण विचारायचं कसं, असा चेहरा करतो. मग हळूच प्रश्न येतो, "पण त्याला स्कोप काय?" या लोकांना देव भेटला तरी ते त्याला स्कोप विचारतील आणि तो कंपनीच्या पॅकेजमध्ये बसतो का ते बघतील.

माझा जन्म नाशिकचा, वाढले दोहात. बाबा वेस्ट बेमधल्या एका टॉवरमध्ये गॅसच्या पाइपलाइनचे आराखडे तपासतात. आमच्या इमारतीतली सगळी मराठी मुलं इंजिनीअर, डॉक्टर किंवा 'डेटा'मध्ये काहीतरी झाली. मी व्होल्गाकाठच्या एका शहरात भाषा शिकायला गेले, तेव्हा आईने त्यावर एक तोडगा काढला. हळदीकुंकवाच्या ग्रुपमध्ये तिने सांगितलं की मुलगी इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी तिला म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "अगं, इंटरनॅशनल आहे ना? आणि रिलेशन्सही होतीलच की."

तिकडे फार काही वेगळं होतं असं समजू नका. आमच्या विद्यापीठात परदेशी मुलांना 'संस्कृती' शिकवायची म्हणजे वर्षातून एकदा डोक्याला फुलांचा रुमाल बांधायचा, धिरडी उलटायची आणि गोल फेर धरून नाचायचं. त्याचे फोटो विभागाच्या पानावर जायचे. संस्कृतीच्या तासाला येणारे म्हातारे प्राध्यापक 'रशियन आत्मा' हे शब्द इतक्या वेळा उच्चारत की मला त्या आत्म्याची दया यायची. इकडे आईच्या ग्रुपमध्ये हॉल घेऊन, एसी अठरावर ठेवून, नऊवारीत लेझीम चालायचं. वेष, खाऊ आणि फोटो. दोन्हीकडच्या लोकांना मी सारखीच नावं ठेवत होते, आणि त्यात मला मजाही येत होती.

अपवाद फक्त बाईंचा. तिकडे शिक्षिकेला तिच्या नावाला वडिलांचं नाव जोडून हाक मारायची रीत आहे, पण माझ्या मनात त्या पहिल्या दिवसापासून बाईच होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस कापलेले, आवाज कोरडा. त्या दुभाष्याचं काम शिकवायच्या. तिसऱ्या वर्षानंतर आमच्या वाटा फुटत. बहुतेक जण शाळेत शिकवायचं प्रशिक्षण घेत, आणि मोजक्यांना बाई आपल्या दुभाष्यांच्या वर्गात घेत. निवड त्यांची एकटीची. मला त्या वर्गात जायचं होतं, आणि दुसरं काहीच नको होतं. तिथे जागा मिळाली नाही तर मी परत येऊन दोहातल्या कुठल्यातरी रिसेप्शनवर रशियन पर्यटकांना लिफ्ट कुठे आहे ते सांगत बसणार, आणि सगळे काका म्हणणार, आम्ही म्हटलं नव्हतं?

बाईंचा नियम एकच होता. खोलीत जे बोललं गेलं ते सगळं पलीकडे पोचवायचं. आपल्याला पटलेलं, न पटलेलं, कुजबुजलेलं, शिवी असली तर शिवीसुद्धा. एकदा सरावात एका मुलीने एका व्यापाऱ्याचा अपमानकारक शेरा मऊ करून सांगितला. बाईंनी तिला बाहेर काढलं नाही, ओरडल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "तू कुणालाच मदत केली नाहीस. त्याला आता वाटतंय की समोरचा आपला मित्र आहे." ती मुलगी पुढे शिक्षिका झाली.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत परीक्षा संपल्या आणि मी सुट्टीला दोहाला आले. बाईंचा फोन आला: त्या श्रीलंकेला समुद्रावर जाणार होत्या, विमान दोहातून बदलणार होतं, मध्ये अख्खा दिवस मोकळा होता. आईला हे कळलं, ती माझी चूक नव्हे. आमच्या घरात फोनवर काय बोललं गेलं हे आईला सांगावं लागत नाही. ती एकदम उजळली. "त्याच दिवशी आपल्याकडे हळदीकुंकू आहे! घेऊन ये त्यांना. बघू देत सगळ्यांना." बघू देत सगळ्यांना, यात सगळं आलं. तीन वर्षं जी भाषा सांगायची लाज वाटत होती, तिचं एक गोरं माणूस सोफ्यावर बसवता येणार म्हटल्यावर तिचा भाव वधारला होता.

बाईंचा नवरा वारलेला आहे हे मला माहीत होतं. विभागात सगळ्यांनाच माहीत होतं. आईला मी ते सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पाहुणीला साखर चालते का, हे मात्र मी आईला सांगितलं होतं.

संध्याकाळी आमचा हॉल काळ्या साड्यांनी भरला. नाशिकहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेली बोरं, उसाचे तुकडे, हलव्याचे दागिने घालून कंटाळलेलं एक बाळ, मसाला दूध. दाराशी गुलाबपाणी. बाई निळा साधा ड्रेस घालून आल्या आणि त्यांना सोफ्याच्या मधोमध बसवलं गेलं. मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. एरवी मला स्कोप विचारणाऱ्या सगळ्या बायका आता "शी इज सो क्यूट ना" म्हणत बाईंच्या गालाला गाल लावून सेल्फी काढत होत्या. एकीने त्यांच्या केसात गजरा खोवायचा प्रयत्न केला. तो राहिना, तेव्हा पिन लावली. बाई शांतपणे बसून होत्या. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून भाषांतर करत होते, आणि चांगलं करत होते. पगार किती हे विचारलं गेलं, तेही मी विचारलं. त्यांनी सांगितलं, तेही मी सांगितलं, आणि आकडा ऐकून बायकांच्या चेहऱ्यावर जी कीव आली ती मला भाषांतरित करावी लागली नाही.

कुंकवाची कोयरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हातात होती. या आईच्या सगळ्यात जवळच्या मैत्रीण. एका मोठ्या ऑफिसात एचआर बघतात, आणि महिला दिनाला 'स्त्रीने स्वतःची ओळख' वगैरेवर भाषण करतात. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. त्या एकेकीला हळदीकुंकू लावत सोफ्याशी आल्या, बाईंसमोर वाकल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि लाडात येऊन मला म्हणाल्या, "विचार गं, यांचे मिस्टर काय करतात?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नवरा वारला माझा. चार वर्षं झाली. हृदयविकाराने."

मी तसंच सांगितलं. "नवरा वारला माझा. चार वर्षं झाली. हृदयविकाराने."

काकूंचं बोट बाईंच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. मग ते बोट बाईंच्या शेजारी बसलेल्या नवविवाहितेच्या कपाळावर गेलं, इतक्या सफाईने, की जणू आधीपासून तिकडेच निघालं होतं. "यांना नको," काकू म्हणाल्या, "या लोकांची स्किन फार सेन्सिटिव्ह असते." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, पण आधी सांगायचं नाही का? आजच्या दिवशी?" आणि मग आई बोलली. घाईघाईने, घाबरून, सगळ्यांकडे बघत: "मला माहीत असतं तर मी यांना आज बोलावलंच नसतं. हिने सांगितलंच नाही मला."

बाईंनी काकूंचं बोट बघितलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हणतायत?"

हॉलमध्ये कुणालाही रशियनचा एक शब्द येत नव्हता, पण हा प्रश्न सगळ्यांना कळला. आई माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "काही नाही म्हण. सांग, कुंकू संपलं म्हण."

कोयरी काठोकाठ भरलेली होती आणि बाईंच्या नाकासमोर होती.

तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला त्या सगळ्यांचा वीट आला. काकूंचा, सेल्फी काढणाऱ्यांचा, मान खाली घालून बोरं निवडणाऱ्या त्या नवविवाहितेचा. कतारमध्ये येऊन वीस-वीस वर्षं झाली, गाड्या बदलल्या, मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, सुपरवायझरशी अरबीत 'यल्ला, खलास' करतात, आणि एका परक्या बाईचा नवरा मेला तर यांचं बोट आखडतं. आणि सगळ्यात जास्त वीट मला आईचा आला, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसली असती तरी चाललं असतं.

मी बाईंकडे वळले आणि सगळं सांगितलं. स्किनचं सांगितलं. मागच्या बाईचं सांगितलं. मग म्हटलं, "आई म्हणते, मला माहीत असतं तर मी यांना बोलावलंच नसतं. आता ती मला सांगते आहे की कुंकू संपलं असं तुम्हाला सांग." आणि या लाल पुडीचा अर्थ काय, ती कुणाला लावतात आणि कुणाला नाही, हेही त्यांनी विचारल्यावर सांगितलं.

बाईंनी मान हलवली. वर्गात एखाद्याचं वाक्य बिनचूक आलं की त्या अशीच मान हलवत. मग त्यांनी मसाला दूध संपवलं, कप खाली ठेवला आणि दूध फार छान होतं असं म्हणाल्या. मी तेही सांगितलं. आईने त्यांच्या हातात वाण ठेवलं, निळ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आणि त्यात तिळगूळ. "तिळगूळ घ्या, गोड बोला," आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. मी याचंही भाषांतर केलं, आणि रशियनमध्ये ते जेवढं वाईट ऐकू यायला हवं होतं तेवढं आलं.

विमानतळावर सोडायला मी टॅक्सीतून गेले. बाईंनी केसातली पिन शोधून काढली, गजरा मांडीवर ठेवला. त्या समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सप्टेंबरपासून माझ्या वर्गात ये."

मी आभार मानले. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते मिळाल्यावर माणूस जितका आनंदी व्हायला हवा तितकी मी झाले. त्या पुढे म्हणाल्या, "डबा चांगला आहे. यात साखर राहील." एवढंच. आईबद्दल एक शब्द नाही, वाईट नाही आणि बराही नाही.

घरी आले तेव्हा बायका गेल्या होत्या. बाबा आतल्या खोलीत फोनवर कुणालातरी पाइपचा व्यास समजावत होते. आई उसाची चोयटी गोळा करत होती.

"सगळं सांगितलंस त्यांना?" तिने विचारलं.

"हो."

"कुंकू संपल्याचं पण? मी सांगायला सांगितलं, ते पण?"

"हो."

"आणि बोलावलंच नसतं म्हणाले, ते?"

"ते आधी सांगितलं."

ती खाली बसली. "एवढ्या बायकांत माझी काय अवस्था होती ते दिसत होतं तुला," ती म्हणाली. "तेवढं एक वाक्य गाळायचं होतंस गं. आई आहे ना मी तुझी."

मी तिला सांगितलं की मला दुभाष्यांच्या वर्गात जागा मिळाली. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा उपहासाने काही बोलेल, म्हणजे मलाही बोलता येईल. पण तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "छान झालं. फार छान झालं." तिला खरंच आनंद झाला होता, आणि ते मला सहन होत नव्हतं.

मग ती म्हणाली, "त्यांना कळव. म्हणावं, आई म्हणते, चुकलं माझं. पाहुण्याला असं बोलायला नको होतं. मला कळलं नाही त्या क्षणी. माझ्याच शब्दांत सांग हं, तुझं काही घालू नकोस."

मी हो म्हटलं.

आता मी बाईंच्या वर्गात आहे. त्या मला बरेचदा बाहेरच्या कामाला पाठवतात, कारण मी काही वगळत नाही. मी फोन केला की दर वेळी आई विचारते, "त्यांना सांगितलंस ना?" मी सांगितलं म्हणते. मी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर बाईंनी मान हलवली असती, आणि आई सुटली असती.