भिरंडेल उकळलं तेव्हा

जान्हवी परुळेकर अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. मेणं, मलमं, तेलं तापवायची आणि ती कुठे वितळतात, कुठे उकळतात, कुठे बिघडतात ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. आई लहानपणीच गेलेली. बोरिवलीच्या चंपामावशीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं. मावशीच्या यजमानांची गिरणी बंद पडली तेव्हा तिनं गावाहून भिरंडेल आणून विकायला घेतलं आणि त्यावरच घर उभं ठेवलं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठीत वळलेले मेणासारखे गोळे. लोक भेगांना, ओठांना लावत. कुणी खोकल्याला गरम दुधातून पोरांना पाजत. चंपाकाकूंचं भिरंडेल म्हणजे डोळे मिटून घ्यावं, अशी ख्याती.

पवईच्या एका नव्या कंपनीला ओठांच्या मलमासाठी भिरंडेल हवं होतं. जान्हवीनं मावशीचं नाव सुचवलं. फक्त तपासणीचा रिपोर्ट लागणार होता. ऑर्डर पक्की झाली की मावशीला सांगू, खूश होईल, असं ठरवून तिनं न विचारताच विक्रीच्या डब्यातले दोन गोळे उचलले.

"मावशीचा माल आहे रे, पास होणारच," ती शेजारच्या टेबलावरच्या निलेशला म्हणाली आणि तिनं पहिला गोळा तापायला ठेवला.

त्याला वितळायलाच वेळ लागला. पुढे मात्र भलतंच झालं. बियांचं तेल तापवत गेलं तर उकळायच्या आधीच जळतं, काळं पडतं, डोळ्यांत झोंबणारा धूर सोडतं. हे बरंच वर गेलं तरी स्वच्छच राहिलं आणि मग शांतपणे उकळायला लागलं. वाफ थंड नळीत जाऊन पुन्हा पांढरीफेक गोठली. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास सुटला.

"अगं, हे तर सरळ पॅराफिन आहे, मेणबत्तीचं मेण," निलेश म्हणाला.

"गप रे! माझंच काहीतरी चुकलंय."

तिनं दुसरा गोळा लावला. तोही तसाच उकळला. तिनं सही न करताच रिपोर्ट पुढे सरकवला. "तू कर. आहे तसंच लिही," ती निलेशला म्हणाली.

कुणीतरी मावशीला फसवतंय, याच संतापात ती बोरिवलीला पोचली. मावशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, तुझ्या भिरंडेलात मेण आहे! कोण देतं तुला हा माल?"

मावशीनं मानही वर केली नाही. "माका ठाऊक आसा."

"काय?"

"गावची झाडां भावकीन तोडल्यानी. बियो खंयसून आणू? घाटकोपरात मेण मिळता, त्यात वायच खरा घालतंय, वासापुरता. कोणाक काय झाला?"

"मावशी, मी... माझ्या तान्हीच्या अंगाला लावते गं ते!"

"छे गो! तुझ्या चेडवाक ता मी देयन काय? तुमचा खरा. आतल्या बरणीत वेगळा काढून ठेवलंय."

जान्हवीनं दाराबाहेर बोट दाखवलं.

"आणि समोरच्या संघमित्राच्या पोराला? ती दुधातून पाजते."

मावशी तांदळातले खडे वेचत राहिली.

जान्हवी उठली आणि तिनं समोरचं दार वाजवलं. संघमित्रानं सगळं ऐकून घेतलं, आतून अर्धा संपलेला गोळा आणला आणि तिच्या हातावर ठेवला.

"काकूंना माहीत होतं?"

मावशीच्या उघड्या दारातून सगळं ऐकू जात होतं. "हो," जान्हवी म्हणाली.

पवईची ऑर्डर गेली. मावशीनं डबे आवरले, धंदा बंद केला. जान्हवी दर रविवारी जाते. मावशी दार उघडते, चहा ठेवते. बोलत मात्र नाही.