खुणेची घरं

सेवामंडळाचे म्हातारे चिटणीस म्हणाले, "कॉलेजात जातेस ना? मग स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास तूच लिही." आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

त्यांनी जुनी वही दिली. आमच्या चर्चच्या धर्मग्रामात हे मंडळ चौघांनी सुरू केलं: दोघे मच्छीमार, एक होड्या दुरुस्त करणारा सुतार आणि एक शिक्षक. सोमवारी रोझरीची प्रार्थना झाली की ते दोघादोघांनी अडलेल्या घरी जात. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चूल पेटली आहे का ते बघायचं. आधी त्या घरचं पाणी प्यायचं, मगच तांदळाची पिशवी ठेवायची. कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. म्हणून वहीत नाव नसे, घराची खूण असे. समजा, 'शेवग्याखालचं घर'.

नावं नाहीत म्हणून मी बिनधास्त खुणा उतरवल्या. मजकूर गोखिवऱ्याच्या छापखान्यात गेला. संध्याकाळी आईला वाचून दाखवला, तर मासे कापता कापता ती थांबली.

"गो, हे तर आपल्या मावशीचं घर! अख्ख्या गावाला कळेल."

शेजारची ही मावशी आजही उसनी घेतलेली साखरेची वाटी दुसऱ्या दिवशी शिगोशीग भरून परत करते. आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर स्मरणिका सगळ्यांच्या हातात जाणार होती.

सकाळी धावत छापखाना गाठला. "ताई, तासभर उशीर झाला असता तर गेलं होतं मशीनवर," छापखानेवाले वैतागले. घाईत मी खुणा खोडल्या आणि भीतीपोटी त्या भेटींचा सगळा मजकूरही खोडला. मावशीची खूण मी इथेही लिहीत नाही.

रविवारी मावशी चर्चच्या पायरीवर बसून चष्मा लावून पानं उलटत होती. मला हाक मारली.

"त्या चौघांचं बरं लिवलंस. पन आमच्या घरचं पानी पिल्याबिगर ते कदी पिशवी ठेवत नसत, ते नाय लिवलंस?"

आजूबाजूला माणसं होती. तिने आवाजसुद्धा खाली केला नव्हता.

"मला माहीत नव्हतं, मावशी," मी म्हणाले.

हे खोटं फादरांपुढे पापनिवेदनात सांगावं का, अजून ठरत नाही.