शोकेसमधला ऑक्टोपस

फोटोवाल्या मावशींचा उभा जन्म स्टुडिओत लोकांचे पासपोर्टचे नि नवरानवरींचे फोटो काढण्यात गेला. साठी उलटली आणि त्या समुद्रात बुडी मारून फोटो काढायला शिकू लागल्या. मुलाने कपाळावर हात मारला. "या वयात हे काय खूळ?"

"वय माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघते."

पहिल्याच खेपेला खडकाच्या कपारीत ऑक्टोपस दिसला. तोही डोळे रोखून बघत होता. मावशींनी कॅमेरा लावला आणि सवयीने बोलून गेल्या, "हलू नका." तोंडातली हवेची नळी सुटली, नाकातोंडात पाणी गेलं आणि त्याच गडबडीत बटण दाबलं गेलं. शिकवणाऱ्याने नळी परत तोंडात कोंबली आणि दंडाला धरून त्यांना वर आणलं.

"तुम्हाला हे झेपायचं नाही," तो बोटीवर म्हणाला. मावशींनी खोकत खोकतच पुढच्या रविवारची वेळ ठरवून घेतली.

तो फोटो त्यांनी मोठा करून दुकानाच्या शोकेसमध्ये नवरानवरींच्या मधोमध लावला.

"आई, लोक हसतील. केवढा हललाय फोटो."

"ऑक्टोपस बिचारा शहाण्यासारखा बसला होता," मावशी म्हणाल्या. "हलले ती मी. रविवारी नाही हलणार."