दलदलीतून आलेलं उत्तर

आधीच सांगतो, भूतखेत मी मानत नाही. तुमसरला बँकेत नोकरी केली, पण मांत्रिकाच्या दारात कधी पाय ठेवला नाही. तरी हे लिहितोय... कारण वासू गेल्या महिन्यात वारला.

वासू म्हणजे माझा शाळासोबती, पुढे बपेऱ्याला मास्तर. दोघांनाही पक्ष्यांचं वेड. आमच्या तलावांवर थंडीत बदकं उतरतात, ती एकदा उत्तरेकडे जाऊन पाहावी म्हणून ब्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही काश्मिरात गेलो.

श्रीनगरच्या पुढची दलदल. सकाळचे आठ. धुकं इतकं, की गळ्यातली दुर्बीण म्हणजे नुसतं ओझं. नावाडी आम्हाला लव्हाळ्यात सोडून गेला. वासू म्हणाला, "तू इथंच राय, मी पलीकडून पाहून येतो. आवाज देत राहू." ही आमच्याकडच्या ढीवरांची रीत — धुक्यात जाळं टाकताना एकमेकांना हाक मारायची. उलट आवाज आला की समजायचं, माणूस धड आहे.

दर पाच-दहा मिनिटांनी मी ओरडायचो, "वासू, होऽऽ!" आणि दर वेळी उत्तर यायचं, "होऽऽ, ठीक हाय!" वासूचाच आवाज, शंभर टक्के. मी बसून राहिलो. हातपाय बधिर झाले होते, डोकंही.

दहानंतर धुकं उठलं. वासू माझ्यापासून पन्नास पावलांवर पडला होता! पाय मोडलेला, गुडघ्यापर्यंत बर्फाळ चिखलात, ओठ निळे.

"आला काहून नाही बे?" त्यानं विचारलं.

"अबे, तूच तं ठीक हाय म्हणून राहिला होता!"

"मी? मी 'वाचव, वाचव' ओरडून राहिलो होतो. अन् तू दर वेळी म्हणे — येतो, येतो."

मी एकदाही 'येतो' म्हटलं नव्हतं. आईशप्पथ.

दवाखान्यात त्याच्या पायाची बोटं कापावी लागली. नंतर भेटला की चहा पाजायचा, हसायचा... पण माझ्यासोबत पुन्हा तलावावर आला नाही. त्या दोन तासांत आम्हा दोघांना कोण उत्तर देत होतं, मला आजही माहीत नाही. खूप डोकं फोडलं. आता तेही सोडलं.

तेरवीला त्याच्या बायकोनं मला बाजूला बोलावलं.

"भाऊजी, आता तरी खरं सांगा. भेव लागलं होतं न तुमाले? म्हणून नाही गेले न त्याह्यच्याकडे?"

मी "हो" म्हटलं.

"एवढंच तं आयकाचं होतं जी त्याह्यले," ती म्हणाली.