वारा पडेपर्यंतचं गाऱ्हाणं

खेडशीच्या चढावर मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून बसले होते. १९९८ चा फेब्रुवारी, सकाळचे अकरा. घरी जायचं तोंड नव्हतं. तेवढ्यात मागच्या कॅरिअरला तीस किलो बांगड्यांची टोपली बांधलेली एक काळी सायकल शीळ घालत चढ चढून आली. शीळ सायकल घालत नव्हती, आमच्या गावचे मासेवाले भागोजीकाका घालत होते. वय बावन्न, पायात स्लिपर, कपाळावर घामाचा थेंब नाही. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

मी हातखंब्याची राही. जिल्ह्याच्या निवड चाचणीत त्याच सकाळी नापास झाले होते. हातखंबा तिठ्यावरून निघायचं, रत्नागिरीच्या मारुती मंदिराला वळसा घालून परत यायचं. चोवीस किलोमीटर, साठ मिनिटं. वेळेत येणाऱ्या मुली पुण्याला राज्य स्पर्धेला जायच्या. मला चौसष्ट मिनिटं लागली होती.

काका थांबले. "जाताना उडत गेलीस आसशील."

"मग? सव्वीस मिनिटांत गेले."

"आणि येताना जीव गेला." त्यांनी टोपलीवरचं ओलं गोणपाट सारखं केलं. "सकाळचा वारा डोंगराकडनं दर्याकडं जातो गो बाय. तो तुला ढकलीत व्हता आणि तुला वाटला, तूच पळत्येस."

आता मासेवाल्यानेही मला अक्कल शिकवावी! मी तोंड फिरवलं. पण रात्री ते आकडे डोळ्यांपुढून हलेनात. जाताना सव्वीस, येताना अडतीस. दुसऱ्या दिवशी गुपचूप त्यांच्या पडवीत जाऊन बसले.

काका मूळचे बुरोंडीचे. घरची शिडाची होडी होती. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, हे त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक. पुढे सगळीकडे इंजिनं आली. वडिलांनी होडी विकली, आणि काका बायकोच्या माहेरी, हातखंब्याला आले. सोबत आणले ते फक्त वारे. सकाळी मतलईवर रिकामी टोपली घेऊन मिरकरवाडा बंदर गाठायचं आणि खारा सुटला की भरलेली टोपली घेऊन परत. "पंचवीस वर्सं झाली, वारा छातीवर घेतलेला नाय," असं ते ऐटीत सांगायचे. हँडलला काकींच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. ती ज्या बाजूला उडेल तिकडे त्यांची सायकल.

खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ते मच्छीमारांसाठीचं हवामान ऐकायचे आणि शाळेच्या वहीत लिहायचे. रेडिओने काय सांगितलं, खेडशीला खरं काय मिळालं, मतलई किती वाजता पडला, खारा किती वाजता लागला. बातमी खुल्या समुद्राची असते, डोंगरात वारा उशिरा पोचतो, हा फरक त्यांनी स्वतः काढला होता. मी कॉलेजात भूगोल शिकत होते, पण भूगोल कळला तो त्या पडवीत. वर्षभर त्यांनी मला एकच शिकवलं. ढकलणाऱ्या वाऱ्यात दम राखायचा आणि अडवणाऱ्या वाऱ्यात वाकून तो खर्च करायचा.

तरी त्रेसष्टच्या खाली मी काही येईना. परतीचा चढ आणि त्यात समोरचा वारा. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, यंदा निवड झाली नाही तर सायकल धाकट्या भावाची. सायकल गेली असती तर मी काय केलं असतं, याचा विचारही मला सहन होत नव्हता.

चाचणीच्या आठ दिवस आधी काका धुतलेला सदरा घालून वही घेऊन चाचणी घेणाऱ्या जिल्हा संघटनेच्या सचिवांकडे गेले. मीही होते. "सायेब, आठला नको. साडेनवाला सोडा. पोरी मतलईवर जातील, वळतील तंवर वारा पडंल, परतीला खारा लागंल. सगळ्यांनाच सारखा." सचिवांनी वही न उघडताच परत दिली. "भागोजी, तू बांगडे विक. वाऱ्याचं आम्ही बघतो." ऑफिसातले सगळे हसले. काकाही हसले आणि वही सदऱ्यात खोचून बाहेर पडले.

चाचणीच्या दिवशी प्रमुख पाहुणे वेळेवर आले नाहीत. आठ वाजले, साडेआठ वाजले. सगळे पाहुण्यांच्या नावाने खडे फोडत होते. काका तेवढे मांडवाच्या पताकांकडे बघत होते. त्या दिवशी ते बंदरावर गेलेच नव्हते. नऊला पाहुणे आले, आणि नेमके त्याच दिवशी म्हणाले, "मी तुमचा वेळ घेणार नाही." मतलई अजून पडला नव्हता. पताका अजून पश्चिमेकडे फडफडत होत्या.

सचिवांनी नारळ पुढे केला, आणि काका गर्दीतून वाट काढत आले. "गाऱ्हाणा नको घालायला?" आता देवाला घालायच्या गाऱ्हाण्याला नाही कोण म्हणणार! पाहुण्यांनीच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तिठ्यावर तुझी लेकरां उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" गर्दी गरजली.

काकांनी रत्नागिरीच्या भैरीपासून सुरुवात केली. मग गावचे देव, वाटेवरचे देव, चढावरचे, वळणावरचे. मग बुरोंडीपर्यंतची सगळी किनारपट्टी. पोरींच्या गुडघ्यांसाठी मागितलं, चेनसाठी मागितलं, ट्यूबसाठी मागितलं. सचिव घड्याळ बघत होते, पण गाऱ्हाणं तोडायची हिंमत कुणाला असते? हात जोडूनही मला हसू आवरत नव्हतं. वीस मिनिटं झाली. पताका एकदा सळसळल्या आणि सैल पडू लागल्या.

"...आणि सगळ्यांना सुखरूप परत आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नारळ फुटला.

एकेकीला सोडत होते, मी सातवी सुटले. जाताना दम राखला. मारुती मंदिराला वळले तेव्हा हवा अगदी शांत होती. खेडशीच्या चढाला लागले आणि पाठीवर हळूच काहीतरी टेकलं. ओलसर, खारट. मी रडतच चढ चढले. अठ्ठावन्न मिनिटं, चाळीस सेकंद.

वेळेत आलेल्या आम्ही पाच जणी होतो. त्याआधी तीन वर्षांत एकही नव्हती. सचिव कागदाकडे बघत राहिले, मग सगळ्यांसमोर काकांजवळ आले. "भागोजीराव, पुढच्या वर्षी किती वाजता ठेवायची?"

काकांनी एकदा पताकांकडे बघितलं. मग म्हणाले, "आदल्या दिवशी सांगीन सायेब. वर्सभर आधी वारा कुणाला सांगत नाय."

पुण्यात मी अठरावी आले. त्याचं मला दुःख नाही. सायकल माझ्याकडेच राहिली. पुढची सहा वर्षं चाचणीच्या आदल्या संध्याकाळी सचिव स्वतः हातखंब्याला यायचे आणि काकांच्या पडवीत चहा घेऊन वेळ ठरवून जायचे. २००५ च्या पावसाळ्यात काका गेले. पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा आठला सुटली. एकही मुलगी वेळेत आली नाही.