गाडीबाहेरचा पाय

"पडाचं असन तं आत्ताच पड!"

उचललेल्या गाडीखाली शिरण्याआधी मिस्त्री तिला खांदा लावून, सगळ्या जोरानिशी कडेने ढकलायचा आणि हे वाक्य म्हणायचा. गाडी जागची हलली नाही की सतरंजीचा तुकडा अंथरायचा आणि उताणा होऊन आत सरकायचा. डावा पाय मात्र बाहेर. तो पाय कुणीतरी धरून बसलंच पाहिजे, ही त्याची अट.

पुलगावात त्याचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकमेकांना लागून होतं. गॅरेज म्हणजे काय, एक कडुनिंब आणि टिनाचं छप्पर. मिस्त्री तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. बहुतेकांना कशाचंच भय नसतं, निदान ते तसं दाखवतात. आमचा मिस्त्री उघड उघड घाबरायचा. कुत्र्याला घाबरायचा, इंजेक्शनला घाबरायचा, बायकोला तर घाबरायचाच. पण जॅकवर उचललेल्या गाडीची त्याची भीती काही वेगळीच होती. लोक त्याला चिडवत, "मिस्त्री, बोहल्यावरही कोणाले पाय धराले बसवलं होतं का?"

"हासा, हासा," तो म्हणायचा. एकदाच त्याने मला कारण सांगितलं. "माह्या मोठ्या भावाच्या अंगावर ट्रक बसला, भाऊ. त्यानं खालून आवाज देल्ला, 'हाये का?' वर कोणीच नव्हतं. संगचा माणूस चहा प्याले गेलता."

म्हणून काम करताना तो खालून मधून मधून ओरडायचा, "हाये का?" पाय धरणाऱ्याने म्हणायचं, "हाये." चहा आला तरी उठायचं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका उन्हाळ्यात वर्ध्याच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी त्याच्याकडे आली. विलायती, जुनी, लाल, दोनच माणसांची, कापडी छपराची. जमिनीला इतकी टेकलेली, की खालून जायचं तर कोंबडीलाही वाकावं लागलं असतं. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं आणि ते क्लचवर जात होतं. चढ आला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढे जायची नाही. तेल अडवणारी रबराची ऑइल सील, पुढचं आणि मागचं, दोन्ही बदलायची होती, आणि त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा होता.

"लयच बसकी गाडी हाये, भाऊ," मिस्त्री म्हणाला. "इच्याखाली माणसाची पोळी होईन."

उतरवताना काही झालं नाही. जुनी सिलं निघाली ती पापडासारखी कडक झालेली. त्या मापाची नवी माझ्याच दुकानात, ट्रॅक्टरच्या सामानात सापडली. मिस्त्रीने ती तेलात भिजवली. कडेला चीर जाऊ नये म्हणून शाफ्टच्या दातांवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बांधली आणि पाइपच्या तुकड्याने टकटक करत सिलं अलगद बसवली. बाळाचे कान टोचतानाही कुणी इतकं जपत नसेल.

गिअरबॉक्स परत चढवायच्या दिवशी पाय धरायला मी बसलो. व्यापाऱ्याचा ड्रायव्हरही आला होता. भला माणूस. भर दुपारी मिस्त्रीला घामाने निथळताना पाहून त्याला वाईट वाटलं. त्याने विहिरीचं पाणी आणून गाडीभोवती मारलं, बादलीवर बादली. आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात पाणी मारतातच. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट गार वाटलं. गाडी बाभळीच्या ठोकळ्यांवर होती आणि ठोकळे भेगाळलेल्या काळ्या मातीवर.

"हाये का?"

"हाये."

खालून पान्याचा आवाज येत होता. आणि मला दिसलं, की पलीकडचा ठोकळा मघापेक्षा बुटका झाला आहे. लाकूड बुटकं कसं होईल, असंच आधी मनात आलं. मग तो भिजलेल्या मातीत रुतत एका अंगाला कलला. ओरडायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना.

"हाये का?"

ठोकळा आणखी कलला.

"भाऊ! हाये का? बोलत काऊन नाई?"

हातातला घोटा थरथरायला लागला. मी तो दोन्ही हातांनी आवळला आणि स्वतःला मागे झोकून दिलं. मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं आणि गाडीचा तो कोपरा चिखलात बसला. सतरंजीचा तुकडा खालीच राहिला.

ड्रायव्हर रिकामी बादली धरून रडत होता. मिस्त्री त्याला एका शब्दाने बोलला नाही. मिस्त्रीची पाठ सोलून निघाली होती. बराच वेळ तो कडुनिंबाला टेकून बसला. मला वाटलं, आता हा पुन्हा कधी गाडीखाली जायचा नाही. पण गिअरबॉक्स दोन बोल्टांवर लटकत होता, आणि काम तसं टाकून जाणं त्याच्या जिवाला मानवणारं नव्हतं. आम्ही गाडी पुन्हा उचलली, ठोकळ्यांखाली फरशा घातल्या. मिस्त्रीने खांदा लावून गाडी ढकलली. नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ते काही बाहेर आलं नाही.

"धरजो, भाऊ," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मी त्या पायाला अक्षरशः बिलगलो. गाडी पडेल याची आता तेवढी भीती नव्हती. तो हाक मारेल आणि आपलं तोंड पुन्हा बंद पडेल, याची होती. म्हणून त्याने न विचारताच मी म्हणत राहिलो, "हाये, मिस्त्री, हाये, हाये."

"समजलं ना बापा," खालून आवाज आला. "चूप बस ना आता!"

गाडी गेली, ती तेलाचा एक थेंब न सांडता.

पुढे काही वर्षांनी मिस्त्रीने पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. मी वर्ध्याच्या दवाखान्यात भेटायला गेलो. "कोणालेच ओळखत नाई आता," वहिनी म्हणाल्या. त्याचा डावा पाय चादरीबाहेर होता. वहिनी तो पुन्हा पुन्हा आत घालत होत्या आणि तो पुन्हा पुन्हा बाहेर काढत होता.

मी पायथ्याशी बसलो आणि घोटा धरला. पाय शांत झाला.

"हाये का?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"हाये, मिस्त्री."

दुपारी चहावाला आला. "भाऊजी, बाहेर जाऊन घोटभर चहा पिऊन या," वहिनी म्हणाल्या. मी मानेनेच नको म्हटलं, उठलो नाही. त्याने आणखी एकदा विचारलं. मग विचारलं नाही.

मला तीच जुनी भीती वाटायला लागली. मी पाय घट्ट धरला आणि म्हणत राहिलो, "हाये, मिस्त्री, हाये, हाये."

चूप बस, असं कुणी म्हणालं नाही.