टेबल रिकामं होईना...

आधीच सांगते, भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आजही मानत नाही. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, पण घडलं ते घडलं.

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची. बोरीवली पश्चिमेला एका पिठाच्या गिरणीच्या वर परबकाकांचं वधू-वर सूचक मंडळ होतं. काकांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला ठेवलं. तुळशीचं लग्न लागलं की आमचा नवा सीझन. त्याआधी कॉम्प्युटरमधलं जुनं टेबल, म्हणजे नावांचा तक्ता, रिकामं करायचं आणि ज्यांचं जमलं नाही त्यांची नावं नव्याने भरायची, अशी पद्धत.

त्या वर्षी काका म्हणाले, "नलिनीचां नाव परत टाकू नको गो. पस्तिशी इली, त्यात हातार कोड. लोक हसतत आपल्याक."

नलिनीताई कांदिवलीच्या, टेलिफोन ऑपरेटर. दर शनिवारी येऊन विचारायच्या, कुणी चौकशी केली का... डावा हात कायम पदराखाली. काकांचा मला भयंकर राग आला. पण नोकरी होती, कामाला लागले.

तेव्हाच्या डेटाबेसच्या भाषेत 'झॅप' अशी कमांड होती. ती दिली की रकाने तेवढे राहतात, आतली माणसं सगळी जातात. दिली. मग यादी मागितली, तर स्क्रीनवर एक नाव. नलिनीताईंचं! वय, शिक्षण, 'डाव्या हातावर कोड' सगळ्यासकट.

पुन्हा झॅप. तेच. मशीन बंद करून चालू केलं, फ्लॉपी बदलली, ते एकच नाव वेगळं डिलीट करून पाहिलं... तेच.

"ह्यां काय गो? उडव मां," काका मागून म्हणाले.

"तुम्हीच उडवा," म्हणत मी खुर्ची सोडली. मी सांगितलं तसं त्यांनी एका बोटाने टाइप केलं. नाव जागचं हललं नाही. काका घाम पुसत बसले.

शनिवारी नलिनीताई आल्या. "माझं नाव काढायला आलेय. पुरे झालं आता."

"आम्ही काढतोच आहोत," काका घाईघाईने म्हणाले.

"तुम्ही कोण काढणारे? घातलं माझ्या वडिलांनी. काढणार मी." मग माझ्याकडे वळल्या, "कुठलं बटण गं?"

मी कमांड टाइप केली आणि एंटर दाखवलं. त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि दाबलं.

टेबल रिकामं.

माझा इंजिनियर मुलगा म्हणतो, फ्लॉपीच खराब असणार. असेल. मग त्यांच्याच हाताने कसं गेलं, म्हटलं की विषय बदलतो. स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही, आणि खरं सांगू, मला ते नकोच आहे. जिना उतरताना नलिनीताईंचा तो हात उघडाच होता, कठड्यावर. तेवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.